बारावीची जागा, एम.ए.चा अर्ज

वनविभागाच्या 2023 च्या भरतीत राज्यभरात वनरक्षकाच्या 2138 जागा होत्या. अट बारावीची होती आणि विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेतलेला हवा होता. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी पुरेशी होती. पुरुषांनी पाच किलोमीटर अंतर तीस मिनिटांत, महिलांनी तीन किलोमीटर पंचवीस मिनिटांत धावायचे होते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अभ्यासिकांमध्ये या भरतीची तयारी करणाऱ्यांत मात्र बारावीवर थांबलेला उमेदवार शोधावा लागतो. बी.ए., बी.एस्सी., एम.ए.-बी.एड., पॉलिटेक्निकची पदविका, क्वचित अभियांत्रिकीची पदवीही. पहाटे ग्राउंड मारायचे, दिवसा सामान्यज्ञान घोकायचे आणि जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म टाकायचा. वनरक्षक, पोलीस शिपाई, तलाठी, कोतवाल, अंगणवाडी मदतनीस, सगळ्यांचा.

कामाला लागते त्याहून जास्त शिकलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. एक हळहळीची: एवढे शिकून शेवटी शिपाई! दुसरी उपदेशाची: कोणतेही काम हलके नसते. दोन्ही प्रतिक्रिया माणसाकडे बघतात. जागा कशी तयार झाली, तिच्यावर काम काय आहे आणि तिच्यावरून कोण मागे सरकले, इकडे बघत नाहीत. या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न एकसारखा नाही. जंगलात त्याचे एक रूप दिसते, कोळसा खाणीत दुसरे, अंगणवाडीत तिसरे.

प्रश्न जुना, आकडे नवे

शिक्षण आणि काम यांची सांगड तुटल्याची चर्चा अमेरिकेत 1970 च्या दशकात जोरात होती. आयव्हर बर्ग यांनी 1970 मध्ये दाखवून दिले की मालक पदवीची अट वाढवत नेतात, पण जास्त शिकलेला कामगार जास्त चांगले काम करतो याचा पुरावा त्यांच्याजवळ नसतो. 1976 मध्ये रिचर्ड फ्रीमन यांचे अतिशिक्षित अमेरिकनांवरचे पुस्तक आले. त्याच वर्षी रोनाल्ड डोअर यांनी पदवीच्या रोगाचे निदान मांडले. उशिरा औद्योगिकीकरण झालेल्या देशांत हा रोग अधिक तीव्र असतो, कारण तिथे चांगल्या नोकऱ्या थोड्या असतात आणि त्यांची वाट प्रमाणपत्रातूनच जाते. 1981 मध्ये डंकन आणि हॉफमन यांनी पगाराचा हिशेब मांडला. कामाला लागणाऱ्या शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाला जो मोबदला मिळतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास मोबदला जादा वर्षांना मिळतो. म्हणजे जादा शिक्षण अगदीच वाया जात नाही, पण त्याचा पुरता दामही मिळत नाही.

महाराष्ट्रात 'सुशिक्षित बेरोजगार' ही सरकारी वर्गवारी कित्येक वर्षांची आहे. सरकारी कार्यालयांत तुटपुंज्या मानधनावर राबलेल्या पदवीधर अंशकालीन कर्मचाऱ्यांसाठी पुढे नोकरभरतीत दहा टक्के समांतर आरक्षण ठेवावे लागले, यावरून त्या प्रश्नाचे वय कळते. 2015 मध्ये उत्तर प्रदेशात शिपायांच्या 368 जागांसाठी 23 लाख अर्ज आले आणि त्यांत 255 पीएच.डी.धारक होते. आपल्याकडच्या लोकसेवा आयोगाने हमालाच्या पाच जागा काढल्या तेव्हा, 2016 मधल्या बातम्यांनुसार, 2424 अर्जांत 984 पदवीधर आणि पाच एम.फिल. होते. 2024 च्या पोलीस भरतीत राज्यातल्या 17,471 पदांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले.

या गर्दीमागचे गणित आकडेवारीत दिसते. 2022-23 च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणात देशातला एकूण बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता, पदवीधरांमधला 13.4 टक्के. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालात तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी 29.1 टक्के आणि निरक्षर तरुणांमधली 3.4 टक्के नोंदली आहे. गरीब घरातला न शिकलेला मुलगा बेरोजगार राहूच शकत नाही. तो तेंदूपत्त्याला जातो, तेलंगणात मिरची तोडायला जातो. पदवीधर थांबतो. त्याला थांबता येते, कारण घरच्यांनी त्याच्यासाठी काही वर्षांची सोय केलेली असते. ही सोय संपली की तो बारावीच्या जागेवर उतरतो.

मधली पायरी कुठे आहे?

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगलाने व्यापलेला आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची साक्षरता 74 टक्क्यांवर होती, चंद्रपूरची 80 टक्क्यांवर. त्याच वर्षी दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. पदवीसाठी नागपूर विद्यापीठाशी जोडलेल्या या भागाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, ही मोठी गोष्ट होती. आज अहेरी, आरमोरी, ब्रह्मपुरी, राजुरा अशा गावांतला मुलगा किंवा मुलगी घरून ये-जा करत पदवीधर होऊ शकते. घरात पहिल्यांदाच पदवी आलेली कुटुंबे इथे पुष्कळ आहेत.

पदव्यांचा विस्तार झाला तसा नोकऱ्यांचा झाला नाही. चंद्रपूरच्या बाजूला कोळसा खाणी, 2920 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातले सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी आणि भद्रावतीचा आयुध कारखाना आहे. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखाण आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा प्रकल्प उभा राहिला. या उद्योगांना खाली चालक, सुरक्षारक्षक, मजूर आणि ऑपरेटर लागतात. वर मोजके अभियंते, भूगर्भतज्ज्ञ आणि लेखापाल लागतात, आणि ते देशभरातून येतात. इतिहासात एम.ए. केलेल्या किंवा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या स्थानिकासाठी मधली पायरी फारशी नाही.

सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर किमान 50 टक्के आणि इतर पदांवर किमान 80 टक्के स्थानिक घ्यावेत, असे राज्याचे धोरण आहे. त्यातली मेख अशी की 'स्थानिक' म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहिलेला. पुणे-नागपूरचा अभियंता कोनसरीत स्थानिकच ठरतो. त्यामुळे आकडे नियमात बसतात आणि एटापल्लीच्या पदवीधराच्या वाट्याला गेटवरची नोकरी येऊ शकते. गडचिरोली पोलिसांच्या 'दादालोरा खिडकी' उपक्रमातून रोजगार मेळावे भरतात. सुरक्षारक्षक, नर्सिंग असिस्टंट, आदरातिथ्य अशा कामांचे प्रशिक्षण देऊन मुलांना बाहेर पाठवले जाते. दुर्गम गावातून बाहेर पडण्याची ती पहिली संधी असते आणि तिची किंमत आहे. पण बी.ए. झालेल्याला हैदराबादेत सुरक्षारक्षक होण्यासाठी बी.ए. लागत नव्हते, हेही खरे.

मधली पायरी सरकारी नोकरीत होती: शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक. शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली आणि डी.एड. झालेली एक पिढी वयाच्या अटीबाहेर गेली. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या 9 जून 2014 च्या अधिसूचनेने ठराविक पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. गावची भाषा आणि माणसे ओळखणारा कर्मचारी मिळावा, हा त्यामागचा विचार रास्त होता. दुसरीकडे, गडचिरोलीत जिल्हास्तरीय पदांमधले ओबीसी आरक्षण 2021 पर्यंत 6 टक्के होते आणि चंद्रपुरात 11 टक्के. त्यामुळे तिथला ओबीसी पदवीधर वेगळ्याच कोंडीत सापडला. पुढे अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींसाठीच्या शंभर टक्के आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि 2024 मध्ये निवड झालेल्या आदिवासी उमेदवारांना आंदोलनानंतर तात्पुरत्या मानधनावर घेण्याचा तोडगा निघाला. दोन्ही बाजूंच्या तरुणांना नेमक्या मधल्या पायरीसाठी झगडावे लागते आहे. ती मिळेना, म्हणून सगळे खालच्या पायरीवर गोळा होतात.

बीटगार्डचे काम किती शिक्षणाचे?

वनरक्षकाची जागा बारावीची आहे, पण तिच्यावरचे काम बदलले आहे. ताडोब्यात किंवा ब्रह्मपुरी वनविभागात बीटगार्डला, म्हणजे वनरक्षकाला, गस्त घालावी लागते, वणवा विझवावा लागतो. त्याशिवाय कॅमेरा ट्रॅप लावणे, मोबाइल अॅपवर गस्तीची नोंद करणे, वाघाच्या खुणांचे सर्वेक्षण, गुरे मारली गेली की पंचनामा, चिडलेल्या गावाशी बोलणे, वनगुन्ह्याची कागदपत्रे, हे सगळे त्याच्याकडेच येते. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात अशाच सर्वेक्षणात एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. या कामाला केवळ बारावीचे म्हणणे धाडसाचे ठरेल.

म्हणून प्राणिशास्त्राची पदवी घेतलेला वनरक्षक जादा शिकलेला आहे की नाही, याचे उत्तर त्याच्या पदवीत नाही; रेंजमध्ये त्याला काय करू दिले जाते त्यात आहे. सर्वेक्षणाची माहिती गोळा करून वर पाठवायची आणि तिचे पुढे काय झाले हे कधी कळायचे नाही, अशी रीत असेल तर पदवी गंजते. त्याच माहितीचे विश्लेषण त्याच्याकडून करून घेतले, तर तीच पदवी विभागाला फुकटात मिळालेली ठरते. चंद्रपुरातच वनप्रशासनाची प्रबोधिनी आहे आणि चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शिकलेल्या वनरक्षकांना पुढे नेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

पोलीस भरतीत गडचिरोलीने एक महत्त्वाची गोष्ट केली. जिल्ह्याच्या भरतीत गोंडी-माडिया भाषेची परीक्षा घेतली गेली. भामरागडच्या चौकीत एम.ए. इंग्रजीपेक्षा माडिया बोलता येणे जास्त कामाचे, हे त्यातून मान्य झाले. बाकी बहुतेक भरत्यांत मात्र हे ज्ञान मोजलेच जात नाही.

जमिनीच्या बदल्यात मजूर

कोळसा पट्ट्यातली गोष्ट वेगळी आहे. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकर जमिनीमागे एक नोकरी मिळते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीत जमीन गेलेल्या घरात ही नोकरी बहुधा घरातल्या तरुणाच्या नावावर केली जाते, आणि तो तरुण बऱ्याचदा पदवीधर किंवा पदविकाधारक असतो. सुरुवात होते जनरल मजदूर म्हणून.

इथे हळहळ करण्याआधी पगाराची पावती बघावी. राष्ट्रीय कोळसा वेतन करारामुळे खाणीतल्या कायम मजुराला मिळणारी रक्कम, वैद्यकीय सोय आणि भविष्यनिर्वाह निधी हे जिल्ह्यातल्या खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या किंवा ठेकेदाराकडच्या अभियंत्याच्या कमाईपेक्षा सहज जास्त भरते. हा तरुण हिशेब करून खाली उतरलेला असतो, आणि त्याचा हिशेब चुकीचा नसतो. जिथे कायम मजुराची नोकरी कंत्राटी अभियंत्याच्या नोकरीहून सुरक्षित आहे, तिथे गडबड मजुराच्या नोकरीत नसून अभियंत्याच्या नोकरीत आहे.

खरे नुकसान पुढे होते. खात्यांतर्गत परीक्षा देऊन तो ओव्हरमन, सर्व्हेअर किंवा कारकून होऊ शकतो, पण त्यासाठी जागा निघाव्या लागतात आणि खाणीतल्या पाळीनंतर अभ्यासाला वेळ लागतो. जमीन एकदाच जाते. तिच्या बदल्यातली नोकरी चाळीस वर्षे पहिल्याच पायरीवर राहिली, तर त्या कुटुंबाचा व्यवहार अर्धाच झाला म्हणायचा.

अंगणवाडीतली पदव्युत्तर सून

महिलांच्या बाबतीत आणखी एक बंधन येते: गाव. अंगणवाडी सेविका त्याच गावची रहिवासी हवी. लग्न होऊन आलेल्या शिकलेल्या सुनेला गाव सोडता येत नाही आणि गावात दुसरी पगाराची नोकरी नसते. 2023 च्या नियमांत सेविका आणि मदतनीस यांची किमान पात्रता बारावी झाली आणि पदवी, पदव्युत्तर, डी.एड., बी.एड. यांना निवडीत जादा गुण मिळाले. मानधन 2024 मध्ये वाढून सेविकेला 13,000 आणि मदतनीसाला 7,500 रुपये झाले.

गुणांच्या या पद्धतीने काय होते ते पाहा. मदतनीसाचे काम मुलांना आणणे, खाऊ शिजवणे, झाडलोट आणि सेविकेला हातभार. त्यासाठी पदवीला गुण दिले की बारावी झालेली, पण गावात सगळ्यांच्या घरी जाणारी, माडिया बोलणारी बाई यादीत मागे जाते. निवड झालेली पदवीधर तिथे राहते, पण तिची बी.एड. मुलांना शिकवण्याच्या कामी येईलच असे नाही, कारण तिची नेमणूक त्यासाठी नाही. एकाच निवडीत दोघींचे नुकसान होते. बारावीची अट घालून गुण मात्र पदवीला द्यायचे, ही पद्धत गरज नसताना पात्रता फुगवते, आणि ती सरकारने स्वतःच्या हाताने घातलेली आहे. गरजू पदवीधराला वाईट वाटेल, पण ही तरतूद मदतनीसाच्या बाबतीत काढून टाकावी, असे माझे मत आहे.

महाविद्यालयांत याचेच उलटे टोक दिसते. नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेले प्राध्यापक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. पदवी पदाला साजेशी असते, कामही तेच असते. पण पगार तासाचा आणि सुट्टीच्या महिन्यांत काहीच नाही. त्यांना जादा शिकलेले म्हणता येत नाही, तरी त्यांचे प्रश्न तसेच आहेत. त्यांच्याकडे पाहून विद्यार्थी वनरक्षकाचा फॉर्म टाकतात, यात आश्चर्य नाही.

न्यायालये काय म्हणाली

जास्त शिकलेल्याला कमी शिक्षणाच्या जागेवरून वगळावे का, यावर न्यायालयांची भूमिका एकसारखी नाही. नागपूर जिल्हा न्यायालयाच्या शिपाई भरतीत ठरवल्यापेक्षा जास्त शिकलेल्यांना बाजूला ठेवण्याचा निकष लावला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2000 साली न्यायालयाने सांगितले की केवळ शिक्षण जास्त आहे म्हणून उमेदवाराचा विचारच न करणे तर्कसंगत नाही. विदर्भातल्या पदवीधरांना शिपाई होण्याचा हक्क या निकालाने दिला, असे म्हणता येईल.

वीस वर्षांनी, 3 नोव्हेंबर 2020 रोजी, पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात याच न्यायालयाने वेगळी बाजू उचलून धरली. शिपाई पदाच्या जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा, अशी स्पष्ट अट होती. एका उमेदवाराने पदवी लपवून अर्ज केला आणि त्याची निवड झाली. बँकेने त्याची उमेदवारी रद्द केली, ते न्यायालयाने योग्य ठरवले. पात्रता किती असावी हे ठरवणे मालकाचे काम आहे आणि माहिती लपवणे गैर आहे, असा त्याचा आधार. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराच्या पोलिसांनी बुद्धिमापन चाचणीत फार जास्त गुण मिळवले म्हणून एका उमेदवाराला नाकारले होते. हुशार माणूस कंटाळून सोडून जातो आणि प्रशिक्षणाचा खर्च वाया जातो, असे कारण दिले गेले आणि 2000 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते मान्य केले.

आपल्याकडे हे कारण टिकत नाही. इथला एम.ए. झालेला शिपाई कंटाळून नोकरी सोडत नाही. सोडून जायला दुसरी जागाच नसते.

कागदावर कमी, कामाला पुरेशी

गडचिरोली जिल्ह्याने या प्रश्नाची दुसरी बाजूही जगाला दाखवली आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावच्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन घेणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सगळे त्या घरी जाऊन करू लागल्या. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने ते प्रसिद्ध केले. कागदावर त्या बायका या कामाला अपात्र होत्या. त्यांना नेमके कामापुरते शिकवले, नियमितपणे त्यांच्या कामावर लक्ष ठेवले आणि जबाबदारी दिली, एवढ्याने ते साधले.

गडचिरोलीत आज शिकलेल्यांची खरी गरज कुठे आहे, हे ग्रामसभांकडे बघून कळते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. नंतर जिल्ह्यातल्या हजारांहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. तेंदू आणि बांबूच्या लिलावात ग्रामसभांकडे मोठी रक्कम येते. तिचे हिशेब, लिलावाची कागदपत्रे, कर, जंगलाचा नकाशा, दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा, हे कोण करणार? वाणिज्य, भूगोल, वनस्पतिशास्त्र, संगणक यांच्या पदव्या इथे नेमक्या लागतात, आणि गोंडी-माडिया येणे इथेही पदवीइतकेच लागते. तरीही ही कामे बऱ्याचदा बाहेरच्या संस्था किंवा ठेकेदाराची माणसे करतात, आणि गावचा पदवीधर जिल्ह्याच्या अभ्यासिकेत पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो.

याला सगळा दोष सरकारला देता येणार नाही. ग्रामसभेकडची नोकरी पक्की नसते, लग्नाच्या बाजारात तिला किंमत नसते, 'लागला का?' या प्रश्नाला ती उत्तर ठरत नाही. पक्की सरकारी नोकरी हीच नोकरी, ही धारणा आई-वडिलांच्या अनुभवातून आली आहे. त्या अनुभवाला तोडीस तोड पगार आणि सुरक्षितता दिल्याशिवाय ती बदलणार नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 मध्ये पदवीधराला सहा महिन्यांसाठी दहा हजार रुपये विद्यावेतन दिले गेले. तोच पैसा तीन-चार वर्षांच्या कराराने ग्रामसभांच्या लेखापालाला, नकाशाकाराला, वनव्यवस्थापकाला दिला असता, तर मधली पायरी थोडी तरी उभी राहिली असती.

शिक्षण कमी करणे हा उपाय नाही आणि खालच्या जागांचे दार पदवीधराला बंद करणेही नाही. नागपूरच्या प्रकरणातल्या निकालाने ते दार उघडले ते योग्यच झाले. मधल्या जागा तयार कराव्यात, खाणीत आणि रेंजमध्ये वर चढायची परीक्षा वेळेवर घ्यावी, जिथे कामाला गोंडी-माडिया लागते तिथे तिलाही गुण द्यावेत. आणि भरतीचे नियम करणाऱ्यांनी एक साधी शिस्त पाळावी. पदवीला गुण द्यायचे असतील तर त्या पदवीचे कोणते काम त्या माणसाकडून घेणार, ते नेमणूकपत्रात लिहावे. लिहिता येत नसेल, तर तिला गुण देऊ नयेत.